थोरल्या आईचं गवत

"आपल्या रानात कुणाचं लगीन हाय ग?"

रिक्षा वळणावर आली तेव्हा थोरल्या आईने माझ्या खांद्याला हात लावून विचारलं. मी डोकं बाहेर काढून पाहिलं. रस्त्याच्या खालच्या अंगाला आमची दीड एकराची पड, आणि त्या पडीच्या मधोमध लाल-पांढऱ्या कापडाचा मांडव. मांडवात खुर्च्यांच्या रांगा, टेबलावर झालरीचं कापड आणि पुढच्या दोन खांबांमध्ये थर्माकोलची 'सुस्वागतम्' अशी पाटी. सकाळी आम्ही दोघी तालुक्याला गेलो तेव्हा तिथे कमरेएवढं गवत उभं होतं. आता मांडवाच्या चारी बाजूंनी नुकतं डोकं भादरल्यासारखी जमीन दिसत होती.

"लग्न नाही," मी म्हणाले. "आबा असणार."

आबाच होते. माझे वडील, केरबा खोत. सगळी नोकरी त्यांनी एसटीच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून काढली आणि त्यातला निम्मा वेळ येणाऱ्या साहेबांच्या स्वागतात काढला. कोणी साहेब येणार म्हटलं की त्यांच्या अंगात वारं भरायचं. चुना मारून घेणं, कुंड्या मांडणं, नारळ आणि शाल तयार ठेवणं, हे सगळं निवृत्तीनंतर अंगावरच राहून गेलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी आमच्या पडीत खरोखरच साहेब येणार होते.

थोरली आई म्हणजे आबांच्या मोठ्या भावाची, हिंदुराव खोतांची बायको. थोरले आबा फार लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. ही पड तिच्या नावावर झाली आणि तिच्यावरच्या गवतावर दोन म्हशी पाळून तिने इतकी वर्षं काढली. मी तिच्याच हाताखाली वाढले. त्या वर्षी, मी इचलकरंजीला नोकरीला असताना, तिने मला निरोप धाडून बोलावून घेतलं आणि ती पड बक्षीसपत्र करून माझ्या नावावर करून टाकली. का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आबांनीही विचारलं नाही. फक्त त्यानंतर चार दिवस ते आमच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते.

सातबाऱ्यावर माझं नाव चढायचं तर तलाठ्याने फेरफाराची नोंद घातली, नोटीस लावली, आणि त्या नोटिशीवर हरकत आली. हरकत आमच्या शेजारच्या चौगुल्यांची. पडीला लागूनच त्यांचं लग्नाचं लॉन होतं. त्यांचं म्हणणं असं, की ही जमीन कागदावर शेती असली तरी तिथे शेती होत नाही. लग्नाच्या गाड्या लागतात, मांडव पडतात. सबब ती बिनशेती धरावी, तसा आकार, म्हणजे जादा सारा, लावावा आणि मागचा दंडही वसूल करावा. सोबत गाड्यांचे फोटो जोडले होते. त्याचीच पाहणी करायला साहेब येणार होते.

फोटो खरे होते. वैशाखात गवत कापून झालेलं असायचं आणि चौगुल्यांकडे पाहुण्यांच्या गाड्यांना जागा पुरायची नाही. थोरली आई त्यांना म्हणायची, लावा बाबानो, लग्नाघरची माणसं उन्हात कुठं जातील. भाड्याचा विषय तिच्या डोक्यातही कधी आला नव्हता. आता तेच फोटो तिच्या अंगावर आले होते. जमीन रस्त्याला लागून असल्यामुळे बिनशेती ठरली असती तर तिचा आकार आणि दंड भरणं तिच्या ताकदीबाहेरचं होतं, माझ्याही. मग ती विकावी लागली असती आणि घेणारा शेजारी तयारच होता. हे चौगुल्यांना कळत होतं आणि आम्हालाही.

रिक्षा थांबली. आबा मांडवातून टॉवेलने घाम पुसत बाहेर आले.

"कसं दिसतंय?" त्यांनी विचारलं. "तुक्या डेकोरेशनवाल्याला गाठलं. दिवसभर मशीन लावून गवत झाडून काढलं. सर्कलसायेब काय कमरेएवढ्या गवतातनं चालत येणार? किरडू-बिरडू चावलं म्हंजे? आणि उभं गवत बघून कुणीबी म्हणणार, पडीक रान हाय. आता कसं, मशागत केल्यागत दिसतंय."

मी विचारलं, "आबा, हरकत वाचली होती ना तुम्ही?"

"वाचली की."

"तिच्यात काय लिहिलंय? इथे मांडव पडतात असं लिहिलंय."

आबांनी मांडवाकडे पाहिलं, मग पाटीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा उत्साह हळूहळू उतरत गेला. इतका वेळ त्यांच्या डोक्यात फक्त साहेब होते; हरकत कशाची आहे हे त्या गडबडीत पार मागे पडलं होतं.

"तुक्याला बोलवून काडून घेऊ," ते म्हणाले.

तुक्याचा टेम्पो दुसऱ्या गावच्या बारशाला गेला होता आणि उद्या संध्याकाळशिवाय येणार नव्हता. आबांनी निदान पाटी तरी काढू म्हणून स्टूल ओढलं.

"ऱ्हाऊ द्या, भावजी," थोरली आई म्हणाली. "काडून आता काय झाकायचं हाय?"

ती बांधाकडे गेली. कापलेलं सगळं गवत आबांनी बांधाच्या कडेला ढीग करून टाकलं होतं. तिने त्यातली एक काडी उपसली, तिचा तुरा तळहातावर चोळला आणि माझ्यासमोर धरला. कोवळ्या दाण्यातून पांढरं दूध आलं होतं.

"बी धरलं न्हवतं अजून," ती म्हणाली. "दिवाळीनंतर कापायचं असतंय. बी खाली पडलं म्हंजे मग. आता फुडल्या साली उगवंल काय?"

तिचे डोळे भरून आले होते. मी तिला तसं फार थोड्या वेळा पाहिलं आहे. तिने पदराने तळहात पुसला, आबांकडे वळली आणि विचारलं, "चा घेतलासा का, भावजी? सकाळधरनं राबत हाईसा."

आबांना शिव्या बसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते मुकाट्याने घराकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सर्कलसाहेब मोटारसायकलवरून आले. मंडळ अधिकारी असं त्यांचं खरं पद, पण आमच्याकडे सगळे सर्कलच म्हणतात. शेडबाळे त्यांचं नाव. बारीक अंगाचे, चष्म्याचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी गाडी बांधाला लावली, हेल्मेट काढलं आणि बराच वेळ 'सुस्वागतम्' वाचत उभे राहिले. रात्रीच्या पावसाने त्यातला 'स्वा' गळून पडला होता.

"कार्य कुणाचं आहे?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच, सायेब," आबा म्हणाले आणि शाल-नारळ घेऊन पुढे झाले.

"ते ठेवा बाजूला." साहेबांनी पंच म्हणून आलेल्या दोघा शेजाऱ्यांना बसायला सांगितलं, स्वतः मात्र बसले नाहीत. लॉनच्या फाटकाशी चौगुले हाताची घडी घालून उभे होते. त्यांना आत यायचीही गरज वाटत नव्हती. त्यांचं काम आबांनी कालच करून ठेवलं होतं.

साहेबांनी पिशवीतून फोटो काढले आणि थोरल्या आईला दाखवले. "या गाड्या इथल्याच?"

"हितल्याच. वैशाखातल्या."

"भाडं घेता?"

"कशाचं भाडं? मोकळं रान असतंय तवा. लग्नाघरची माणसं असत्यात."

"बाकीचं वर्ष इथे काय असतं?"

"गवत."

"आता कुठे आहे?"

थोरल्या आईने ढिगाकडे बोट दाखवलं. साहेब चालत गेले आणि त्यांनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला. मग हात काढून घेतला आणि हुंगला. आतलं गवत तापलं होतं.

"कालचं आहे," ते म्हणाले.

"कालचंच."

"आजी, मी तुम्हाला सरळ सांगतो." ते परत मांडवात आले आणि टेबलावरची झालर बाजूला सारून कागद मांडले. "मी पंचनाम्यात दिसेल ते लिहिणार. आज मला मांडव दिसतो, खुर्च्या दिसतात. पीक दिसत नाही. ढीग दिसतो, पण ढीग कुठूनही आणून टाकता येतो. हरकतदाराचा वकील उद्या हेच म्हणेल. तुमचं गवत इथे उभं होतं, ते कोणी कापलं, कधी कापलं, हे सांगणारं कोणी हवं."

मी आबांकडे पाहिलं. पंचांनीही पाहिलं. आबा शालीची घडी उलगडत होते आणि पुन्हा घालत होते.

थोरली आई पुढे झाली. मग तिने पदर खांद्यावर नीट घेतला आणि म्हणाली, "सायेब, तुमी तक्रार लिवून घेतासा काय?"

"कशाची?"

"माझं उभं पीक कापलंया. त्येची."

"कुणी कापलं?"

"ह्यांनी. माझा धाकटा दीर. केरबा रामू खोत."

आबा नारळ हातात धरून तसेच उभे राहिले. इतक्या वर्षांत दोघांचा कधी मोठ्याने शब्द झालेला मी ऐकला नव्हता, आणि आज ती त्यांच्याच मांडवात त्यांच्यावर फिर्याद लावत होती.

शेडबाळेसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, ते हसू लपवत असावेत. "कबूल आहे?" त्यांनी आबांना विचारलं.

"कापलं म्याच," आबा म्हणाले. "त्यात काय चोरी हाय? पण सायेब, पीक कसलं? गवत हाय ते. ते काय पेरावं लागतंय? आपोआप येतंय."

"आजी, आपोआप येतं?"

"येतंय की," थोरली आई म्हणाली. "घाणेरी उपटली, दगडं येचली, पावसाळाभर गावची जनावरं आत येऊ दिली न्हाईत, उनाळ्यात वणवा शिरू नगं म्हणून कडंचा पट्टा जाळून घेतला, म्हंजे येतंय आपोआप."

एक पंच खाली मान घालून हसला. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"खोत, तुमचं म्हणणं लिहून द्यावं लागेल. तुम्ही जे कापलं त्याला पीक म्हणत असाल तर मी तसं धरतो. रीतसर कबुली आहे, पंच आहेत, ढीग आहे. मग जमीन शेतीचीच राहते आणि फेरफार मंजूर होतो. पण तुम्हीच म्हणत असाल की पीक नव्हतं, नुसतं रान माजलं होतं, तर मग मी काय लिहू? पड?"

"लिवा की पड," थोरली आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "माजं मालक गेल्याधरनं भावजी त्येच म्हणत आल्यात. तुमी लिवलं म्हणून काय नवं हुणार हाय?"

मला एकदम जाणवलं, की तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते. आम्ही सगळे पड म्हणायचो. आबा म्हणायचे, आई म्हणायची, मीही म्हणायचे. पडीतनं जरा फिरून येते, पडीच्या बांधावर करवंदं आल्यात. ती नेहमी रान म्हणायची.

आबांनी नारळ टेबलावर ठेवला. "वैनी," ते म्हणाले, "म्हणून पोरीच्या नावावर केलासा व्हय? मला इच्यारलं बी न्हाई. मी काय परका हुतो?"

इतके दिवस हे त्यांच्या मनात सलत होतं. मांडव, खुर्च्या, पाटी, सगळं त्याच्यावरच घातलेलं पांघरूण होतं. जमीन मिळाली नाही याचं दुःख नव्हतं त्यांना. आपल्याला विचारलं नाही, याचं होतं. ते दुःख मला तिथे उभ्या उभ्या कळलं आणि वडिलांची मला फार दया आली.

थोरली आई त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसली. सकाळपासून ती पहिल्यांदाच बसत होती.

"परकं कसं म्हणीन, भावजी? तुमी शाळंला हुतासा तवापास्नं माज्या हातचं जेवलासा. पर माज्या मागं ते तुमच्या नावावर गेलं असतं, आणि तुमी ते इकलं असतंसा. वंगाळ मनानं न्हवं. पड हाय म्हणून. पड कोण ठेवतंय? पोरगी म्हशींमागं हिंडल्याली हाय. ती निदान कापायच्या आदी इच्यारंल तरी."

बाहेर कापलेल्या रानात चार-पाच बगळे उतरले होते आणि उघड्या पडलेल्या मातीत चोची मारत होते. आबा बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. मग त्यांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि साहेबांपुढे हात केला.

"कागद द्या."

"मी सांगतो, तसं लिहा—"

"मला रिपोर्ट लिवता येतोय, सायेब. सगळा जलम त्यात गेला."

आबांचं अक्षर वळणदार होतं. बोलताना ते गावचे, पण लिहिताना एकदम सरकारी होत. ते वाकून लिहीत राहिले, मध्ये एकदा थांबले, थोरल्या आईकडे न बघता पेन झटकलं आणि आणखी थोडं लिहिलं. सही केली, तारीख घातली आणि कागद साहेबांकडे सरकवला. साहेबांनी पंचांना ऐकू जाईल असं वाचायला सुरुवात केली.

"मी, केरबा रामू खोत, सेवानिवृत्त वाहतूक नियंत्रक, राहणार खोतवाडी, लिहून देतो की, सदर जमिनीत माझी भावजय श्रीमती चंपाबाई हिंदुराव खोत यांचे गवताचे उभे पीक होते. ते मी काल रोजी त्यांना न विचारता व त्यांच्या गैरहजेरीत मशीनने कापले. पीक कापणीस आले नव्हते. त्यामुळे त्यांचे या वर्षीचे व पुढील वर्षीचे नुकसान झाले आहे. सदर मांडव हा मीच घातला असून येथे कोणतेही कार्य नाही."

साहेब थांबले. पुढची ओळ त्यांनी आधी मनात वाचली, मग मोठ्याने वाचली.

"सदर पिकाच्या दुधावर आमचे घर वाढले असून मी स्वतः वाढलो आहे, हे मी आजवर बोललो नव्हतो."

थोरली आई मांडवाच्या छताकडे बघत होती.

"खोत," साहेब म्हणाले, "ही शेवटची ओळ पंचनाम्याला लागत नाही. शिवाय पिकाचं दूध म्हणजे काही नीट बसत नाही. काढून टाकू?"

"ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले.

साहेबांनी ती राहू दिली. पंचांच्या सह्या झाल्या. थोरल्या आईने अंगठ्याला शाई लावली. निघताना साहेबांनी तिला विचारलं, की नुकसानीची तक्रार आहे तर भरपाई काय मागता, तेही लिहून घेतो.

"लिवू नगा," ती म्हणाली. "पर दिवाळीनंतर डोंगरात गवत वाळलं की ह्यांनीच बी झाडून आणायचं आणि हितं इसकटायचं. पोरं धाडायची न्हाईत. सवता जायाचं."

"जातो," आबा म्हणाले. आणि मग, साहेब गाडीला किक मारत असताना, हळूच, "ती शाल आता कुणाला द्यायची?"

"आणा हिकडं," थोरली आई म्हणाली. "म्हशीच्या रेडकाला हुईल थंडीची."

फेरफार मंजूर झाला. सातबाऱ्यावर माझं नाव चढलं आणि त्याच्या पुढच्या रकान्यात, पिकाखाली, 'गवत' असा शब्द आला. तो उतारा मी थोरल्या आईला वाचून दाखवला तेव्हा ती म्हशीची धार काढत होती. तिने एकदा म्हणायला लावलं, मग पुन्हा एकदा म्हणायला लावलं. त्यानंतर म्हणाली, "आता त्यो भावजींचा कागद बी वाच बघू. त्येचीच नक्कल आणलीस न्हवं?" मी वाचला. शेवटच्या ओळीला तिची धार थांबली, आणि मी उतारा घडी करून ठेवेपर्यंत ती तशीच म्हशीच्या पोटाला डोकं टेकून बसून राहिली.

आबा त्या दिवाळीनंतर खरोखरच डोंगरात गेले. डोक्याला टॉवेल बांधून, पोत्यात बी झाडून आणलं आणि दीड एकरभर हाताने विसकटलं. पुढच्या वर्षी गवत विरळच आलं, त्याच्या पुढच्या वर्षी जरा दाट झालं.

थोरली आई आता नाही. म्हशी आबांनी आपल्याकडे नेल्या आणि स्वतःच्या हाताने त्यांचं केलं. मी सुट्टीला गेले की त्यांच्याबरोबर रानात जाते. परवाच्या वैशाखातली गोष्ट. चौगुल्यांच्या लॉनवर मोठं लग्न होतं. गवत कापून झालेलं, सगळं रान उघडं, नुसता मुरूम आणि खुंटं. एक पाहुणा बिचारा सवयीने गाडी वळवून बांधाशी आला. आबांनी एसटीतली जुनी शिट्टी अजून खिशात ठेवलेली असते. ती फुंकत ते काठी टेकत टेकत धावले आणि गाडीच्या आडवे उभे राहिले.

पाहुण्याने काच खाली केली. "काका, मोकळी जागा आहे की. इथे काय आहे?"

आबांनी त्या उघड्या, वाळलेल्या जमिनीकडे काठी दाखवली.

"दिसत न्हाई व्हय?" ते म्हणाले. "पीक हाय."